न घेतलेली सही

गूळ चिरता चिरता नंदाबाईच्या ध्यानात आलं, की आज घरात सगळ्यांना सगळं ठाऊक आहे आणि आपल्यालाच कोणी काही सांगितलेलं नाही.

भोग लावायचा आहे, लापशी कर, एवढंच धावजी सकाळी म्हणाले होते. भोगाला तिची काय हरकत असणार? पण पुढच्या खोलीत वेचणीचा कापूस छातीएवढा साचलेला होता. त्याच्या खाजेनं सगळं घर अंग खाजवत होतं, आणि संजय मात्र सकाळपासून देवळापुढच्या टिनाच्या मांडवात सतरंज्या टाकत होता. भोगाला दोन सतरंज्या पुरतात. लेकानं सात नेल्या होत्या.

"अवो, किती जन येऊन राह्यले?" तिनं विचारलं.

धावजी खांबाला टेकून फेटा बांधत होते. हा फेटा नायकाचा, तांड्याच्या प्रमुखाचा. एरवी पेटीत असायचा.

"नसाब हाये," ते म्हणाले.

नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. नंदाबाईनं चाकू ताटात ठेवला. "कोनाची?"

"प्रेमसिंगची अन् आपली."

मग तिला पुढचं विचारावं लागलं नाही. पोळ्याच्या सकाळी धावजींचा जिवाचा दोस्त रामलाल गेला. आदल्या सांजेला तो छातीत जळजळतं म्हणून दिग्रसला बबिताच्या दवाखान्यात जाऊन आला होता. बबिता म्हणजे तिची धाकटी, ह्या तांड्याची पहिली डॉक्टर. अन् अकरा दिवसांपूर्वी मेडिकल कौन्सिलची नोटीस आली. रामलालच्या मुलानं, प्रेमसिंगनं तक्रार केली होती, की डॉक्टरनं बापाला यवतमाळला पाठवलं नाही, धोका सांगितला नाही, म्हणून बाप गेला. तक्रारीखाली त्याच्या आईचा, मथुराबाईचा अंगठा होता. तोच अंगठा, जो बबिताच्या बारशाला तिच्या कपाळी कुंकू लावायला उठला होता.

"बबिताले माईत हाये?"

"संजयनं बलावलं तिले."

"काय सांगून?"

धावजींनी फेट्याचा पदर खोचला. "याडीचं बीपी वाढलं म्हनून."

"माह्या नावानं लबाडी केली?" नंदाबाई म्हणाली. "बीपी तं माह्यं आता वाढून राह्यलं."

"आयकून तं घे. चाळीस वर्सांत ह्या तांड्याचं एक भांडन ठाण्यात गेलं नाई. बबिता मथुराभाभीच्या पाया पडन. भोग लागन. दोन्ही घरं एका पंगतीत लापशी खातीन. अन् प्रेमसिंग कागदावर सही करन, का तक्रार मागं घेतली. संजयनं कागद टाइप करून आनला."

"अन् थे मुंबईचे साहेब आयकतीन?"

"तक्रारच नाई राह्यली तं चौकशी कायची?"

नंदाबाई शाळेत गेली नव्हती. पण दिग्रसच्या सप्ताहातलं एक कीर्तन तिनं चुकवलं नव्हतं, आणि कीर्तन मन लावून ऐकणाऱ्याला एक विद्या आपोआप येते. बुवा निरूपणाचा धागा विसरला, की टाळ्या जास्त मागतो. आवाज चढवतो, बोट वर करतो, लोकांना 'बोला, बोला' म्हणत राहतो. धावजींचा आवाज तिला आज तसा लागला. अकरा दिवस हा माणूस अर्ध्या भाकरीवर उठत होता. लेकीची काळजी म्हणावी, तर लेकीला ह्यानं एकदाही फोन केला नव्हता.

ती पुन्हा गूळ चिरू लागली. पण हात आता सावध झाला होता.

*

दिग्रस मागं पडलं आणि गाडी तांड्याच्या रस्त्याला लागली, तेव्हा बबितानं विचारलं, "याडीचं बीपी काल कोणी पाह्यलं? किती होतं?"

उज्ज्वला शेजारी बसली होती. संजयची बायको. बारा वर्षं ती बबिताच्या दवाखान्यात काउंटर सांभाळत होती. पेशंटचं नाव, गाव, वय केसपेपरवर तीच टाकायची. दवाखान्यात ती नणंदेला मॅडम म्हणे आणि घरी बाई. नवऱ्यानं तिला काय सांगायचं ते पढवून ठेवलं होतं. पण आकडा पढवला नव्हता, आणि बारा वर्षं आकडे लिहिणाऱ्या बाईला मॅडमसमोर खोटा आकडा सांगता येईना.

"गाडी थांबवा बाई."

"काय झालं?"

"याडीले काई नाई झालं. तिथं नसाब बसून राह्यली. प्रेमसिंग अन् काकी येनार हायेत. सही घ्यायची हाये त्याची."

बबितानं गाडी तुरीच्या शेताच्या धुऱ्याला, बांधाशी लावली. तिचा चेहरा उज्ज्वलाला ओळखीचा होता. पेशंटची नाडी लागत नसली की तो असा व्हायचा, गडबड न करता घट्ट.

"अजून काय?"

"अजून..." उज्ज्वलानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "कपाटाची चाबी माह्यापाशी असते. हे म्हने, काकाच्या कागदावर खाली जागा रिकामी हाये, तिथं एक ओळ टाकून दे. 'यवतमाळला तातडीने नेण्यास सांगितले, नातेवाइकांनी नकार दिला.' म्हने, बबी तसं बोल्लीच होती ना? मंग खोटं काय त्याच्यात?"

"लिहिलं?"

"नाई. पेपराच्या कोऱ्या काठावर सात-आठ खेपा लिहून पाह्यलं. तुमच्यासारखं अक्षर आलं बी. मंग कागदावर पेन टेकवला अन् उचलला."

"काहून उचलला?"

उज्ज्वलानं तुरीकडे पाहिलं. "त्या दिवशी काकाचं नाव मीच टाकलं त्या कागदावर. वय इचारलं तं हासला. म्हने, लिही, तुह्या सासऱ्यापेक्षा दोन सालानं लहान. मले वाटलं, थो आता कुठूनतरी पाहून राह्यला, का ही सूनबाई माह्या नावाखाली काय लिहून राह्यली."

बबितानं डोळे मिटले. मग म्हणाली, "भाभी, नोटीस आली त्याच दिवशी वकिलीणबाईनं सगळ्या कागदांच्या कॉप्या घेतल्या. तुम्ही एक ओळ वाढवली असती तं काकाचं मरण बाजूला राह्यलं असतं, अन् मी खोटे कागद करणारी डॉक्टर ठरली असती. चुकीला कदाचित ताकीद मिळते. ह्याला नाई मिळत. डॉक्टरांच्या यादीतून नावच कटते."

"म्हंजे दवाखाना..."

"बंद."

तिनं फोन लावला. निशिगंधा नावाची ही वकील यवतमाळला डॉक्टरांच्याच केस चालवायची. फोन स्पीकरवर होता, म्हणून उज्ज्वलाला सगळं ऐकू आलं.

"डॉक्टर, मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? कागदाला हात नाही. तक्रारदाराशी बोलणं नाही. मुदत चुकवायची नाही. विचारलंय तेवढ्याचंच उत्तर, आणि खरं उत्तर. गाडी वळवा."

"मी वळले, तर माझ्या मागं त्या बाईचा अंगठा घेतील. माझे वडील नायक आहेत. भरल्या पंचायतीत त्यांना नाही म्हणायची तिची हिंमत होणार नाही."

"घेतलाच, तरी चौकशी थांबेल याची खात्री नाही. उलट दबाव आणला म्हणून तुमच्यावरच बेतेल."

"म्हणूनच जाते."

"मग जा, थांबवा आणि निघा. त्या संध्याकाळबद्दल एक शब्द नाही. रडायचं नाही, माफी नाही, खुलासा नाही. जमेल?"

"जमवते."

गाडी पुन्हा सुरू झाली. उज्ज्वलानं कमरेची चावी सोडली आणि बबिताच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. नवऱ्याला काय सांगायचं, ते नंतर बघू.

*

मांडवात पन्नासेक माणसं होती. देवाच्या बाजूला गादी, गादीवर धावजी, शेजारी डोमाजी कारभारी. समोर एका सतरंजीवर मथुराबाई डोक्यावरून पदर ओढून बसलेली. तिच्याजवळ प्रेमसिंग. अंगावर एसटीच्या कंडक्टरचा खाकी शर्ट तसाच. ड्युटी अर्धी सोडून आला होता.

बबिता चप्पल काढून मांडवाच्या कडेला उभी राहिली. आत आली नाही.

"ये बेटी, बस," धावजी म्हणाले.

"बा, मी बसायले नाही आली. ही बैठक मोडा."

मांडवात कुजबूज झाली. संजय पुढं आला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत तो टाइप केलेला कागद. त्यानं आवाज खाली आणला. "बबे, तमाशा नोको करू. दोन मिनिटांचं काम हाये. पाया पड, मोकळी हो."

"काकीच्या पाया मी शंभर खेपा पडीन. सहीच्या बदल्यात नाही पडणार."

"अवं, नाव कटलं तुह्यं तं? तांड्यातल्या कोन्या पोरीले मंग बाप शिकवन? सांगतीन ना, धावजीची पोरगी शिकली, अन् काय झालं."

"अन् आज ही सही घेतली तं काय सांगतीन? डॉक्टरीन हाये, पण बाप नायक होता म्हणून सुटली."

संजय प्रेमसिंगवर घसरला. "तू बी भला मानूस! तुह्या दोन्ही लेकरांचं बाळंतपन कोनं केलं? इसरला?"

"नाई इसरलो." प्रेमसिंग उभा राहिला. "परक्या डॉक्टरविरुद्ध लिहाले मले कायचा जोर लागला असता? तीन मयने लागले हे लिहाले. आता सगळे हायेत तं आयका. उमरखेडच्या गाडीत कोनी दोन टप्पे बसला, तरी मी तिकीट फाडतो. फाडनंच पडते. उद्या कोनी इचारलं, का हा मानूस गाडीत होता का, कुठून कुठं चालला होता, तं कागद पायजे. माहा बाप इच्या दवाखान्यातून निघाला. त्याच्या खिशात गोळ्यांची पुडी होती. एक शब्द नव्हता कुठं, का यवतमाळले जा."

"बोल्ली होती ती!" संजय ओरडला.

"मी नव्हतो. मी गाडीवर होतो. मले कागद दाखव."

बबिताच्या ओठांवर उत्तर आलं होतं. त्या सांजेचा एकेक क्षण तिला पाठ होता. काकाला घाम, पहिला ईसीजी साफ, इंजेक्शननं जळजळ कमी. ती म्हणाली होती, काका, एक खेप यवतमाळला दाखवून या, रक्त तपासू, ईसीजीची पट्टी पुन्हा काढू. काका म्हणाला होता, जातो ना बेटी. दुसऱ्या कोणाकडून तिनं 'धोका समजला, जात नाही' अशी सही घेतली असती. रोज घेत होती. पण तांड्यात दिल्या शब्दावर कागद मागत नाहीत. ज्याच्या खांद्यावर बसून तिनं तिजेच्या सणाची गाणी ऐकली, त्याच्यापुढं पॅड सरकवायचं? काका, अंगठा द्या, म्हणायचं? तिला लाज वाटली होती. एवढंच घडलं होतं. एवढ्यानंच सगळं घडलं होतं.

ती गप्प राहिली.

"पाहा, बोलत नाई," प्रेमसिंग म्हणाला.

तेव्हा मथुराबाईनं पदर मागं सारला. "बोल्ली होती थे," ती म्हणाली. "मी होती तिथं. लेका, तुले बी मी हेच सांगतलं होतं, पन तू आपल्याच ध्यासात. बोल्ली. पन कशी बोल्ली सांगू? घरी आलेल्याले आपन म्हनतो ना, चहा पेऊन जा? तशी बोल्ली. त्यायले वाटलं, पेला तं पेला, नाई तं उद्या."

बबिताला वाटलं, आजवर कोणी आपल्याला इतकं नेमकं तपासलं नव्हतं.

पण संजयच्या डोळ्यांत उजेड आला. त्यानं खिशातून फोन काढला. "काकी, हे पुन्हा सांगा बरं. 'बोल्ली होती' एवढंच सांगा. मी रेकॉर्ड..."

"फोन ठेव, भाऊ."

"अवं, हीच तं गवाही हाये!"

"ठेव म्हटलं ना!" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "तिच्या बोलण्यातलं अर्धं कापून मले नाही पायजे. प्रेमसिंग, मले इथं काही बोलायची मुभा नाही. उत्तर मी लिहूनच देणार. त्याची कॉपी तुले मिळन, तुले जे म्हणायचं थे तू लिही. तिथं दोघांलेही विचारतीन. पण एक आयकून ठेव. जे मी लिहिलं नव्हतं, थे लिहिलं होतं असं माह्या उत्तरात तुले सापडणार नाही. अन् तक्रार कोणाच्या भिडेनं मागं घेऊ नोको. माह्या तं नाहीच नाही."

प्रेमसिंग तिच्याकडे पाहत राहिला. बसमध्ये चढलेल्या माणसानं न मागता पास दाखवावा, तसं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं.

गादीवरून धावजी गरजले. "म्हंजे माह्या नसाबीची किंमत काय मंग? चाळीस वर्सं लोकायनं माहा शब्द झेलला, अन् पोटची पोरगी उभ्यानं बैठक मोडून राह्यली! सही होईन. आजच होईन. भोग लागल्याबिगर कोनी उठनार नाई!"

"तुमी उठा आदुगर."

बायकांच्या बाजूनं आवाज आला होता. नंदाबाई. लापशीचं पातेलं तिनं खाली ठेवलं होतं, हात अजून गुळानं चिकट होते.

"काय म्हनलं?"

"गादीवरून उठा. नायकाच्या घरचा मामला असला तं नायक गादीवर बसत नाई. म्या नवीन सांगून राह्यली का? तुमच्या बहिनीची सोडचिठ्ठी निघाली तवा मामंजींनी फेटा उतरवून खाली मांडी घातली होती, अन् ह्या डोमाजीभाऊच्या बापाले, तवाच्या कारभाऱ्याले, गादीवर बसवलं होतं. इचारा त्यायले."

डोमाजी कारभारी खाकरले. ऐंशीला टेकलेला माणूस, ऐकू कमी यायचं, पण नेमकं हवं ते यायचं. "नायकीन खरं बोलून राह्यली," ते म्हणाले. "मी सकाळपासून इचार करून राह्यलो होतो, का हे कोन सांगन."

"तुमी काहून नाई सांगतलं मंग?" कोणीतरी मागून म्हणालं.

"मी कारभारी हावो. बायको नाई त्यायची."

हशा पिकला असता. पण धावजी उठले होते. त्यांनी फेटा सोडायला घेतला. सकाळी खांबाला टेकून बांधलेला फेटा सुटता सुटेना. वेढे उलगडत राहिले, आणि उघडं डोकं बाहेर आलं तेव्हा तो नायक नव्हता, एक म्हातारा होता. तो चालत आला आणि मथुराबाईपुढं रिकाम्या जमिनीवर बसला.

कीर्तनात एक घडी अशी येते, की बुवा बोलायचा थांबतो, मृदंग थांबतो, आणि आता जे येणार ते ह्याचं पाठ केलेलं नाही हे सगळ्या मांडवाला कळतं. तशी ती घडी होती.

"भाभी," धावजी म्हणाले. "त्या सांजी तू पिशवी घेऊन पुढं गेलती. रामलाल माह्या दारी थांबला होता. म्हने, बबी यवतमाळले जा म्हनते. गाडी करू का? मी म्हनलं, आता कुठं जातं राती? उद्या पोळा हाये. बैल सजवू, पोळा करू, मंग परवा मी येतो संगं. तुह्याबिगर माह्या नंगाऱ्याले झांज कोन देईन?" त्यांचे हात मांडीवर उघडे पडले होते. "थो म्हने, बरं. माहा शब्द कधी मोडला नाई ना त्यानं."

मथुराबाईनं तोंडावर पदर घेतला. आतून एकच शब्द दोनदा ऐकू आला, "पोळा... पोळा..."

प्रेमसिंगच्या मुठी वळल्या. "अन् तुमी काका, आज माही सही घ्याले बसले होते?"

"हाव."

"पोरीले वाचवाले का सोताले?"

"मले वाटे, पोरीले," धावजी म्हणाले. "आता इथं बसलो तं समजून राह्यलं."

संजय बबिताजवळ सरकला. आता त्याचा आवाज खरोखर कापत होता. "बबे. हे लिही. ऐक माह्यं. घरच्या मानसानं थांबवलं, म्हनून पेशंट गेला नाई. सुटली तू!"

बापानं लेकीकडे मान वर केली. "लिही बेटी. माह्यं नाव लिही."

पन्नास माणसांपुढं बबिताला वाटलं, की किती सोपं आहे हे. आणि खोटंही नाही. अबोला धरलेले भाऊ एका पंगतीत बसावेत तसं सगळं जुळून येत होतं.

"नाही," ती म्हणाली. "नोटिशीत विचारलं हाये, मी काय केलं. बा माह्या दवाखान्यात नव्हते, मी त्यायच्या दारात नव्हते. जे मी पाह्यलं नाही थे मी लिहिणार नाही. अन् काका बाच्या दारात उभे राहून 'जाऊ का' विचारून राह्यले, म्हणजेच मी त्यायले पुरतं सांगितलं नव्हतं. ज्याले कळलं का जीव जाते, थो कोणाले इचारत नाही."

बोलून गेल्यावर तिला निशिगंधाची ताकीद आठवली. त्या संध्याकाळबद्दल एक शब्द नाही. निघाला होता. पण उत्तरात हेच येणार होतं, तेव्हा तिनं तो परत घ्यायचा प्रयत्न केला नाही.

"मंग मी लिहू का?" प्रेमसिंग धावजींना म्हणाला. "तुमचं हे? कौन्सिलले?"

"लिही. खाली मी सही करतो."

डोमाजी कारभारी गादीवर सरकून बसले. "ह्या नसाबीत निकाल नाई," त्यांनी सांगितलं. "ज्यानं त्यानं आपलं आपलं लिहावं. अन् ज्यानं थो कागद टाइप करून आनला, त्यानं थो देवापुढच्या धुनीत टाकावा. उगाच कापसाच्या घरात जाळाले नेऊ नोको, संजय."

संजयनं बायकोकडे पाहिलं. उज्ज्वलानं नजर चुकवली नाही. संजय कागद पिशवीसकट धुनीत टाकायला लागला तेव्हा तीच पुढं झाली आणि प्लास्टिक आधी ओढून काढलं.

मथुराबाई लापशी न खाता उठली. नंदाबाई तिला आग्रह करायला गेली नाही. पातेलं झाकून तिनं ते देवापुढं ठेवून दिलं.

*

दुपारी बबिता मागच्या पडवीत लिहायला बसली. मुदत शुक्रवारी संपत होती. निशिगंधा इंग्रजीत नीट करणार होती, पण आधी आपल्या शब्दांत लिहा, असं तिचंच म्हणणं होतं. पडवीपलीकडे धावजी बाजेवर आडवे होते, भिंतीकडे तोंड करून. नंदाबाईनं त्यांना भाकरी नेऊन दिली होती. अकरा दिवसांत पहिल्यांदा ताट रिकामं परत आलं होतं.

"वाच," ती लेकीशेजारी बसत म्हणाली. कीर्तनाला बसायची तशी, मांडी घालून, डोळे अर्धे मिटून.

बबितानं वाचलं. रुग्ण किती वाजता आला, काय तपासलं, काय दिलं. पहिला ईसीजी साफ होता. दुसरा मी काढला नाही. यवतमाळला जाण्यास मी तोंडी सांगितलं. ते केसपेपरवर लिहिलं नाही, आणि न गेल्यास जिवाला धोका आहे हे स्पष्ट शब्दांत सांगितलं नाही. रुग्णाची सही घेतली नाही. सोबत मूळ केसपेपरची प्रत जोडली आहे. त्यात त्या दिवसानंतर कोणताही बदल केलेला नाही. आता दवाखान्यात प्रत्येक रुग्णाला, तो कोणीही असो, पाठवणीची चिठ्ठी लिहून दिली जाते.

"'कोनीबी असो' बरोबर लिहिलं," नंदाबाई म्हणाली. "फुडं?"

बबिता अडखळली. शेवटची ओळ तिनं हळू वाचली. "रामलालकाका मला वडिलांसारखे होते, आणि त्यांच्या जाण्याचं दुःख मी जन्मभर..."

"हे काढ."

"काहून याडी? खरं हाये हे."

"खरं हाये म्हनूनच काढ. थे साहेब कागद तपासाले बसले हायेत. तुह्यं रडनं त्यायच्या काय कामाचं? त्यायले वाटन, दया मागून राह्यली." नंदाबाईनं डोळे उघडले. "हे मथुरेले सांगायचं. तिच्या घरी जाऊन, खाली बसून. आज नाई. थे सगळं निपटल्यावर."

बबितानं ओळीवर काट मारली. एकदा, मग पूर्ण दिसेनाशी होईपर्यंत. खाली उत्तर नेमकं एका पानाचं उरलं.

"अन् निकाल माह्याविरुद्ध लागला तं?" तिनं विचारलं.

नंदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"तवा तं मथुरेकडे त्याच दिवशी जायचं," ती म्हणाली.